सहा शनिवार आणि न छापलेला रकाना : अर्थसंकल्प-वाचनाच्या एका वर्गाचे परीक्षण

रस्त्यांची कामे घेणाऱ्या पुण्यातील एका मध्यम ठेकेदाराकडे मी एकोणीस वर्षे हिशेब पाहतो आहे. ३०५४ म्हणजे रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती, ५०५४ म्हणजे रस्ते आणि पुलांवरचा भांडवली खर्च, आणि २५१५ म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचविलेली, सभामंडपापासून गल्लीतल्या काँक्रीटपर्यंतची गावांतली कामे, ही लेखाशीर्षे मला घरच्या माणसांच्या वाढदिवसांपेक्षा अधिक पाठ आहेत. मात्र हे आकडे ज्या पुस्तकांत छापलेले असतात ती पुस्तके मी कधी उघडून पाहिली नव्हती. निधी आला की बिल निघते आणि निधी नसला की टेबलापलीकडून 'ग्रँट नाही, मार्चमध्ये बघू' असे उत्तर मिळते, एवढाच माझा राज्याच्या वित्तव्यवस्थेशी परिचय होता. म्हणून टिळक रस्त्याजवळच्या एका छोट्या अभ्यास-संस्थेने 'राज्याचा अर्थसंकल्प कसा वाचावा' असा सहा शनिवारांचा वर्ग जाहीर केला, तेव्हा 'सुट्टीच्या दिवशीही हिशेबच का?' या घरातल्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर न देता मी ३,६०० रुपये भरून नाव नोंदविले.

वर्ग २ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला, गणपतीतले दोन शनिवार वगळून २० सप्टेंबरला संपला. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे मला तिच्याविषयी काही तक्रारीही करायच्या आहेत आणि संस्था लहान आहे. निष्कर्ष मात्र आधीच सांगून टाकतो. हा वर्ग करण्यासारखा आहे, पैसे वाया जात नाहीत, वर्तमानपत्रातली अर्थसंकल्पाची बातमी यापुढे निराळ्या डोळ्यांनी वाचली जाते. पण त्याच्या मांडणीत एक भोक आहे, आणि ते नेमके माझ्या धंद्याच्या जागी आहे.

शिकविणारे दोघे होते. एक सर, ज्यांनी सगळी नोकरी कोषागारांत काढली आणि निवृत्तीनंतर हा उद्योग आरंभला. आणि एक मॅडम, ज्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितात. आम्ही अठ्ठावीस विद्यार्थी होतो, त्यांतले निम्मे स्पर्धा परीक्षांचे, उरलेल्यांत निवृत्त बँक कर्मचारी, दोन पत्रकार, एक माजी सरपंच, कोथरूडला पोळी-भाजी केंद्र चालविणाऱ्या एक ताई आणि मी. रक्षाबंधनाच्या शनिवारी निम्मा वर्ग गैरहजर होता, त्या दिवसाचा भाग पुढे पुन्हा घेण्यात आला नाही, हे नोंदवून ठेवतो.

पहिला शनिवार माझ्या मते फुकट गेला. सुरुवातीची दोन तास तीस मिनिटे राज्याचा कारभार म्हणजे मोठा प्रपंच आहे, या एकाच उपमेवर खर्च झाली आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत हा उपदेश मॅडमनी किमान तीनदा केला. ही उपमा ऐकायला सोपी असली तरी दिशाभूल करणारी आहे. कोणत्याही गृहस्थाला आपला पगार स्वतःच्या ठरावाने वाढविता येत नाही, राज्याला मात्र आपला काही महसूल वाढविता येतो. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा मिळविण्याचा निर्णय घेतला, तो याच अधिकारातून. शिवाय गृहस्थाने निवृत्तीपूर्वी कर्ज फेडून मोकळे व्हावे अशी अपेक्षा असते, राज्य कधी निवृत्त होत नाही आणि त्याचे जुने कर्ज बहुतेक वेळा नव्या कर्जानेच फिटते. उलट, केंद्राच्या मागे रिझर्व्ह बँकेची जी ताकद असते तीही राज्याजवळ नसते. म्हणजे राज्य हे ना घर, ना देश. आणि त्याच्या तुटीचा विचार करताना हे मधलेपण आधी समजावून सांगायला हवे होते. विशेष म्हणजे पुढच्याच आठवड्यात सरांनी हसत हसत ही उपमा मोडीत काढली, तेव्हा मॅडमही हसल्या.

वर्गाचे खरे मोल दुसऱ्या शनिवारपासून कळू लागले. सर विभागवार अर्थसंकल्पीय पुस्तकांचा गठ्ठा आणि एक स्टीलची पट्टी घेऊन आले. पुस्तकांतले आकडे हजार रुपयांत छापलेले असतात, आणि आठ-नऊ अंकी रकान्यासमोर नवखा माणूस गांगरून जातो. सरांनी पट्टी उभी धरून प्रत्येक आकड्याचे शेवटचे चार अंक झाकले आणि म्हणाले, "उरले ते कोटी." एवढ्या साध्या क्लृप्तीने जे पुस्तक मला परके वाटत होते ते पाच मिनिटांत माझ्या रोजच्या खतावणीसारखे दिसू लागले. त्यानंतर आम्हाला प्रत्येकी एक पुस्तक देऊन आपापल्या परिचयाचे लेखाशीर्ष शोधायला सांगण्यात आले. कुणी निवृत्तिवेतनाचे २०७१ काढले, कुणी व्याजाचे २०४९, माजी सरपंचांनी न विचारता २५१५ उघडले आणि वर्गात हशा पिकला.

मग आले रकाने. एकाच वर्षाचा आकडा तीन वेगवेगळ्या वर्षांच्या पुस्तकांत तीन रूपांत येतो: आधी अर्थसंकल्पीय अंदाज, वर्षभराने सुधारित अंदाज आणि त्याच्याही पुढच्या वर्षी प्रत्यक्ष रक्कम. मार्च महिन्यात दूरचित्रवाणीवर जो गाजतो तो पहिला, आणि तिसरा छापून येतो तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. सरांनी २०२४-२५ चे उदाहरण फळ्यावर मांडले. मूळ अंदाजात महसुली जमा ४,९९,४६३ कोटी आणि महसुली खर्च ५,१९,५१४ कोटी, म्हणजे महसुली तूट २०,०५१ कोटी. एकूण खर्च ६,१२,२९३ कोटी आणि राजकोषीय तूट १,१०,३५५ कोटी. सुधारित अंदाजात जमा ३७,००० कोटींनी वाढून ५,३६,४६३ कोटींवर गेली, तरीही एकूण खर्च ६,७२,०३० कोटींवर पोहोचल्याने महसुली तूट कमी होण्याऐवजी २६,५३६ कोटी झाली. उत्पन्न वाढूनही तूट वाढली, हे वाक्य आपण एरवी सहज वाचून पुढे जातो. रकान्यावर पट्टी ठेवून ते स्वतः काढल्यावर त्याचे वजन कळते.

महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांतला फरक बहुतेकांना परीक्षेपुरता माहीत असतो. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने अशा रोजच्या खर्चाला रोजचे उत्पन्न पुरले नाही तर पडणारा खड्डा म्हणजे महसुली तूट. आणि कर्जाची परतफेड सोडून सगळा खर्च, तसेच नवे कर्ज सोडून सगळी जमा, यांतले अंतर म्हणजे राजकोषीय तूट, जी जवळजवळ वर्षभराच्या उसनवारीइतकी असते. सरांनी या दोन व्याख्या सांगून न थांबता एक गणित घातले, आणि माझ्या मते संपूर्ण वर्गातले ते सर्वांत मोलाचे होते. राज्याने उसन्या घेतलेल्या दर शंभर रुपयांपैकी किती रुपये रस्ता, धरण, इमारत यांत न जाता रोजच्या खर्चात जिरले? २०२४-२५ च्या मूळ अंदाजानुसार उत्तर येते अठरा रुपये. १० मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी आहे. म्हणजे उत्तर येते जवळजवळ चौतीस रुपये. एकाच वर्षात अठराचे चौतीस.

याच ठिकाणी स्पर्धा परीक्षेच्या एका विद्यार्थ्याने पुस्तकी पण योग्य शंका काढली की, राज्याच्या २००५ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याच्या चौकटीत तूट स्थूल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत असायला हवी आणि २०२५-२६ ची तूट तर २.७६ टक्केच आहे, मग ओरड कशाची? मॅडमनी दिलेले उत्तर मला पटले. टक्केवारीतला भाजक आहे सुमारे ४९ लाख कोटींचे राज्याचे स्थूल उत्पन्न, ज्यात माझा पगार, त्या ताईंच्या पोळ्या आणि हिंजवडीतल्या कंपन्यांची उलाढाल असे सगळे येते. पण व्याज या उत्पन्नातून भरले जात नाही, ते सरकारच्या जमेतून भरले जाते. जमा ५,६०,९६४ कोटी आणि व्याज ६४ हजार कोटींच्या वर, म्हणजे दर शंभरातले अकराहून अधिक रुपये दारातच संपले. पगार आणि निवृत्तिवेतन त्यात मिळविले की निम्म्याहून अधिक जमा आधीच बांधली गेलेली असते. त्यामुळे तीन टक्क्यांची मर्यादा पाळूनही हात आखडलेले असू शकतात.

तिसरा शनिवार पुरवणी मागण्यांचा, म्हणजे अर्थसंकल्प मांडून झाल्यावर सरकार सभागृहाकडे मागते त्या वाढीव रकमांचा होता. सरांनी फळ्यावर फक्त दोन तारखा लिहिल्या: २८ जून २०२४ आणि ९ जुलै २०२४. पहिल्या तारखेला राज्याचा पूर्ण अर्थसंकल्प मांडला गेला, दुसऱ्या तारखेला ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या. मधे अकरा दिवस. वर्षभराचा आराखडा मांडून त्याच्या पंधरा टक्क्यांहून मोठी पुरवणी अकराव्या दिवशी का लागावी? सरांचे स्पष्टीकरण असे की निवडणुकीच्या वर्षात फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प येतो, पुस्तके त्या हिशेबाने तयार होतात आणि जूनच्या भाषणात जाहीर झालेल्या योजनांना पैसा मागून पुरवणीतून द्यावा लागतो. त्या मागण्यांतले २५,००० कोटी एकट्या लाडकी बहीण योजनेचे होते. स्पष्टीकरण तांत्रिक अर्थाने बरोबर असेल. तरी मला वाटते की ज्या भाषणात योजना आहे त्याच दस्तऐवजात तिचा पैसा नसेल, तर नागरिकाने वाचायचे काय?

त्या वर्षी डिसेंबरात नागपूरला आणखी ३३,७८८ कोटींच्या आणि मार्च २०२५ मध्ये ६,४८६ कोटींच्या मागण्या आल्या. तिन्हींची बेरीज १,३५,१६३ कोटी, मूळ अर्थसंकल्पाच्या बावीस टक्के. आता इथे मी स्वतः चुकलो, आणि चूक सांगण्यासारखी आहे. मी ही सगळी रक्कम मूळ खर्चात मिळवून साडेसात लाख कोटींचा आकडा काढला आणि मोठ्या आवाजात सांगितला. सर म्हणाले, "मग सुधारित अंदाज पावणेसात लाखांच्याही आत का?" पुरवणी मागणीची रक्कम ढोबळ असते, त्यातला काही भाग केवळ पुस्तकी समायोजन असतो, काहीच्या बदल्यात केंद्राचा निधी येणार असतो, काही रक्कम दुसऱ्या शीर्षातल्या बचतीतून भागते. जुलै २०२५ च्या अधिवेशनातल्या मागण्या ५७,५०९ कोटींच्या होत्या, पण तिजोरीवरचा निव्वळ भार ४०,६४४ कोटींचा होता. मथळ्यात येतो तो पहिला आकडा. आणि जिथे बचत दाखविली जाते तिथे ती काटकसर असतेच असे नाही; मंजूर झालेला पैसा खर्चलाच गेला नाही, तरी हिशेबात त्याला बचतच म्हणतात. मूळ तरतूद पडून असताना त्याच शीर्षाखाली पुरवणी मागितली गेली, असे ताशेरे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक अनेक वर्षांपासून ओढत आले आहेत.

याच संदर्भात 'जादा खर्च' या शब्दाचा घटनात्मक अर्थ समजला. आपण बोलताना उधळपट्टीला जादा खर्च म्हणतो; संविधानाच्या अनुच्छेद २०५ मध्ये त्याचा अर्थ नेमका आहे, विधानमंडळाने मंजूर केलेल्या अनुदानापेक्षा अधिक झालेला खर्च. असा खर्च लोकलेखा समितीच्या तपासणीनंतर सभागृहाकडून मागाहून नियमित करून घ्यावा लागतो, आणि त्याला कित्येकदा वर्षे लागतात. म्हणजे एखादे सरकार एका पैशाचाही जादा खर्च न करता प्रचंड तुटीत असू शकते, कारण प्रत्येक रुपया सभागृहाने रीतसर मंजूर केलेला असतो. दोन्ही पत्रकारांनी हे वाक्य वहीत टिपून घेतले.

उसनवारीच्या सत्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते व्याख्यानाच्या थाटात झाले आणि पडद्यावरची सगळी माहिती इंग्रजीत होती. राज्यांचे कर्जरोखे रिझर्व्ह बँक साधारणपणे मंगळवारी लिलावाला काढते, हे मला नवीन होते. महिनाअखेरीस हातखर्चाला कमी पडले तर रिझर्व्ह बँक उचल देते, तिच्या मर्यादेपलीकडे गेल्यास ओव्हरड्राफ्ट, आणि तो सलग चौदा कामकाजाच्या दिवसांहून अधिक चालला तर बँक त्या राज्याची देणी थांबविते. म्हणजे राज्यालाही आमच्यासारखाच शाखाधिकारी आहे. केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला नवे कर्ज उभारण्यासाठी अनुच्छेद २९३ नुसार केंद्राची संमती लागते, केरळने यावरून सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो घटनापीठाकडे गेला. महामंडळांच्या नावाने काढलेले पण फेडायचे राज्याच्या तिजोरीतून असे कर्जही आता राज्याच्या मर्यादेत धरले जाते. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर उदाहरणादाखल घेतले गेले, पण हमी आणि कर्ज यांतला फरक घाईत उरकला.

पाचव्या शनिवारी, जेव्हा विषय योजनांवर आला, तेव्हा वर्ग तापला. लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये, जाहीर करताना वर्षाला ४६,००० कोटी, २०२५-२६ ची तरतूद ३६,००० कोटी. निवृत्त बँकवाल्यांनी हा पैसा वाया जातो असे ठामपणे सांगितल्यावर पोळी-भाजीच्या ताई उठल्या. त्यांच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या तिघींना हे पैसे मिळतात आणि त्यांतून एकीच्या मुलीची शिकवणी चालू आहे, एवढेच त्यांनी सांगितले आणि त्या बसल्या. "काका, तुमच्या पेन्शनवर मी काही बोलले का?" हे त्या बसता बसता पुटपुटल्या ते माझ्याच ओळीत बसल्यामुळे ऐकू आले. मॅडमनी वाद योग्य जागी नेला. त्यांनी पगाराच्या पावतीवरच्या दोनशे रुपयांच्या कपातीकडे लक्ष वेधले. तो व्यवसाय कर. त्याचा महाराष्ट्रातला कायदा १९७५ चा, आणि तो लावला गेला रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेचा कायदा नंतर १९७७ मध्ये झाला. म्हणजे दुष्काळातल्या मजुराला काम द्यायचे ठरले तेव्हा शहरातल्या नोकरदाराला सांगून त्याच्या पगारातून पैसे घेण्याचे धाडसही त्याच सभागृहाने दाखविले. अलीकडच्या योजना जाहीर होतात तेव्हा त्यांच्यासोबत असा कर जाहीर होत नाही. मद्यावरील शुल्क वाढले तेही योजनेनंतर वर्षभराने. योजनेच्या आकाराबद्दल दुमत असू शकते, पण तिच्या पैशाचा उगम तिच्यासोबत छापला जावा, याविषयी वर्गात त्या संध्याकाळी कोणाचे दुमत दिसले नाही.

सहाव्या शनिवारी प्रमाणपत्रे आणि गोखले. १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले ते तुटीविरुद्ध नसून शिलकीविरुद्ध होते. दुष्काळ आणि प्लेगने गांजलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला म्हणून ती शिल्लक साठली, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुण्यात अर्थसंकल्पाचा वर्ग घ्यायचा आणि गोखल्यांचे नाव घ्यायचे नाही हे शक्यच नव्हते, तरी हे उदाहरण शेवटच्या दिवशी न देता पहिल्या दिवशी, अंथरुणाच्या जागी द्यायला हवे होते.

आता त्या भोकाविषयी. दुसऱ्याच शनिवारी, रकाने समजावून झाल्यावर, मी विचारले होते की देणी कोणत्या रकान्यात असतात. सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि सांगितले की सरकारी हिशेब रोख पद्धतीचा आहे. पैसा तिजोरीतून बाहेर पडला की खर्च, तोपर्यंत काही नाही. उत्तर अचूक होते, आणि त्यानंतर सहा आठवड्यांत या विषयावर एक शब्दही निघाला नाही.

हे काही माझे वैयक्तिक गाऱ्हाणे म्हणून बाजूला सारता येणार नाही, कारण ज्या तुटीचा आम्ही पट्टी लावून अभ्यास करीत होतो त्या तुटीचाच तो भाग आहे. एक काम पूर्ण होते, मोजमाप पुस्तकात नोंद होते, अभियंता सही करतो, बिल तयार होते आणि निधी नाही म्हणून ते पडून राहते. कायद्याने, नीतीने आणि कोणत्याही व्यापारी हिशेबाने ते सरकारचे देणे आहे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात मात्र ते अस्तित्वातच नाही. म्हणजे बिल जितके लांबवावे तितकी त्या वर्षाची तूट लहान दिसते. शिवाय पुस्तकात काम घालताना पूर्ण किमतीची तरतूद करण्याऐवजी नाममात्र टोकन तरतूद ठेवून निविदा काढण्याची जी पद्धत आहे, तिने हे देणे जन्माला घालण्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. पगार रोखता येत नाही, व्याज चुकवता येत नाही, लाभार्थ्याचा हप्ता लांबला की बातमी होते. थांबवायला सर्वांत सोपा असतो तो रस्त्याचा ठेकेदार.

आमच्या कंपनीचे ६२ लाखांचे एक बिल एका सरकारी कार्यालयात चौदा महिने पडून आहे. त्या रकमेवर आम्ही बँकेला कॅश क्रेडिटचे साडेदहा टक्के व्याज भरतो, डांबरवाल्याचे आणि खडीवाल्याचे फोन मी घेतो, आणि दोन रोलरचालक मागच्या दिवाळीला घरी गेले ते परत आले नाहीत. मंगळवारच्या लिलावात राज्याला सात टक्क्यांच्या आसपास पैसा मिळतो. तेव्हा खरे पाहता राज्याने आमच्यामार्फत साडेदहा टक्क्यांनी कर्ज काढले आहे, फक्त व्याज आम्ही भरतो आणि ते कोणत्याही विवरणपत्रात छापले जात नाही. पुढच्या निविदेत मात्र प्रत्येक शहाणा ठेकेदार ते दरात धरतो, आणि काम तितके महाग होते. हा रकाना वर्गात यायला हवा होता. कोषागारात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला त्याची माहिती नसेल यावर माझा विश्वास नाही. चहाच्या वेळी मी पुन्हा छेडले तेव्हा ते म्हणाले, "छापलेलं शिकवतो हो मी. न छापलेलं शिकवायला लागलो तर सहा शनिवार पुरायचे नाहीत." उत्तर प्रामाणिक होते, मात्र वर्गाच्या जाहिरातीत 'तुटीचे खरे चित्र' असे शब्द आहेत, ते बदलावेत.

किरकोळ बाबी. छापील पुस्तिका उपयुक्त आहे, पण तिच्या बाविसाव्या पानावर कोटींच्या जागी लाख छापले गेले आहे आणि अशी चूक या विषयात अक्षम्य आहे. खोलीतले तीनपैकी दोन पंखे चालतात, खिडकीकडची जागा लवकर जाऊन धरावी. चहा खालच्या अमृततुल्यातून येतो आणि तो उत्तम असतो. गाडी आणू नये. स्वारगेटला मेट्रोने उतरून चालत यावे. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना दुसरा आणि तिसरा शनिवार अतिशय उपयोगी पडेल, पत्रकारांनी तर तो चुकवूच नये. ज्यांना योजना चांगली की वाईट याचा निकाल तयार हवा आहे त्यांचा मात्र विरस होईल, आणि ते वर्गाच्या बाजूनेच बोलते. माझ्या धंद्यातल्या लोकांनी यावे, पण प्रश्न घेऊन यावे. अभिप्रायाच्या कागदावर मी सातव्या शनिवारची लेखी मागणी केली आहे आणि ३०५४ व ५०५४ खालच्या थकीत बिलांचे माझ्याजवळचे कोष्टक, नावे काढून, शिकविण्यासाठी देऊ केले आहे.

विभागवार पुस्तके घरी न्यायची असल्यास ५०० रुपये अनामत ठेवावी लागते. मी दोन पुस्तके नेली होती, ती शेवटच्या दिवशी परत केली. पैसे देणारे गृहस्थ त्या दिवशी आले नव्हते, पुढच्या आठवड्यात या असे सांगण्यात आले. त्यानंतर दोनदा जाऊन आलो. पावती जपून ठेवावी.